बाहेरचा पंच

पाहणीच्या दिवशी आम्ही फुटपाथ धुतला.

आधी झाडला, मग बादल्या ओतून खराट्यानं घासला. मार्केट यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून आमची तेवीस बिऱ्हाडं होती, निळ्या मेणकापडाखाली. भिंतीपासून गटारापर्यंतची सगळी फरशी बायकांनी चकचकीत केली. अंथरुणं घड्या घालून रचली. भांडी राखेनं घासून उन्हात मांडली. हौसाक्का म्हणजे सत्तरीची बाई, माझ्या शेजारच्या मेणकापडात एकटी राहायची. तिनं कुठून तरी मूठभर रांगोळी पैदा केली आणि गटाराच्या कडेला नीट बसून ठिपके काढले.

"आक्के, कुणाचं लग्न काढलंयस?" मी विचारलं.

"सायेब येणार न्हवं? आपल्या दारात येतोय म्हंजे पाव्हणाच की."

"दार कुठंय?"

"तू नको तोंड चालवू. साखर आण कुणाकडनं तरी, च्या करायचाय."

मी हसले आणि साखर आणायला गेले. खरं म्हणजे हा सगळा घाट माझाच होता. वस्तीची पुढारीण मी होते. पुढारीण म्हणजे काय, तर सातवी शिकलेली, अर्ज वाचता येणारी आणि साहेबासमोर तोंड उघडणारी बाई. आम्ही आधी कॅनॉलच्या कडेला पत्र्याच्या घरांत राहत होतो. रस्ता रुंद करायचा म्हणून ती पाडली. घरं देऊ असं सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. तो कागद घेऊन मी अकरा महिने महापालिकेचे जिने चढत होते. नवरा त्याच्या दोन वर्षं आधी बांधकामावर परांचीवरून पडून गेला होता. माझी मुलगी मोनाली नववीत होती. पहाटे पाचला मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची, साडेनऊला परत यायची आणि मग जिने.

पाहणीला झोपडपट्टी विभागाचे भोसेकर साहेब आले. मध्यमवयीन, घामाघूम झालेला, सज्जन वाटावा असा माणूस. बरोबर एक कारकून. साहेबांनी तेवीसच्या तेवीस मेणकापडं वाकून बघितली. मोनालीनं भिंतीला पीठ लावून शाळेचं वेळापत्रक चिकटवलं होतं, तेही वाचलं. मग मी आडोसा दाखवला. चार बांबू रोवून त्याला साड्या गुंडाळलेल्या, आत दोन फरश्या टाकलेल्या, बायकांच्या आंघोळीसाठी. त्या दिवशी त्याला मी माझी बरी साडी लावली होती.

"छान ठेवलंय हो," साहेब म्हणाले. "आमच्या ऑफिसपेक्षा स्वच्छ."

सगळ्या बायका लाजल्या. हौसाक्कानं चहा दिला. साहेबांनी पूर्ण घेतला आणि गेले.

दहा दिवसांनी अहवालाची नक्कल हातात आली. ती सुहास सरांनी वाचून दाखवली. सर लॉ कॉलेजात शिकवायचे आणि आमच्यासारख्यांसाठी संघटना चालवायचे. फुटपाथच्या कडेला स्कूटर लावून, सीटवरच कागद पसरून त्यांनी वाचलं. "पाहणीवेळी सर्व कुटुंबे स्वच्छ व व्यवस्थित परिस्थितीत राहत असल्याचे आढळले. तातडीने पुनर्वसन करण्याची आवश्यकता दिसून येत नाही."

सरांनी कागदाची घडी घातली.

"रांगोळी कुणी काढली होती?" सरांनी विचारलं.

हौसाक्कानं पदर तोंडाला लावला.

"अहो, तो तुमचे हाल बघायला आला होता, घर बघायला नाही." सर चिडत नसत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "वैजयंताबाई, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कळायला हवं होतं हे खरंच. पण दारी येणाऱ्या माणसाला केर दाखवायचा, हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. आईनं तर उलटंच शिकवलं होतं.

मार्चच्या एकतीस तारखेपर्यंत फुटपाथ रिकामा करायची नोटीस भिंतीवर चिकटली होती. तोवर घरांचा हुकूम निघाला नाही तर आम्ही इथूनही उठणार आणि मग कुठं जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बिऱ्हाडं एकदा पांगली की तेवीस जण परत एका यादीत सापडत नाहीत. सरांनी भोसेकर साहेबांच्या हातापाया पडून दुसरी पाहणी मिळवली. या वेळी पाहणी झाली की लगेच पंचनामा होणार होता. त्यावर दोन पंचांच्या सह्या लागणार होत्या.

"वस्तीतले पंच चालणार नाहीत," सर म्हणाले. "बाहेरचे हवेत. तुम्ही अकरा महिने इथंच राहताय हे रोज डोळ्यांनी बघणारे."

बाहेरचा पंच शोधणं हे पाणी शोधण्याहून अवघड निघालं. यार्डातल्या व्यापाऱ्यांना आम्ही नकोच होतो. पहिला पंच कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तयार झाला. दुसरा मिळेना. शेवटी मामा म्हणाले, "मी करतो की सही."

मामा म्हणजे यार्डाचे वॉचमन, शिरसाट. भिंतीच्या आतला नळ त्यांच्या ताब्यात होता. रोज पहाटे ते मागचं लोखंडी दार उघडायचे आणि अर्धा तास आम्हाला पाणी भरू द्यायचे. मालकांना कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. त्यांच्या त्या अर्ध्या तासावर तेवीस चुली पेटत होत्या. सगळी वस्ती त्यांना मामा म्हणायची, म्हातारी हौसाक्कासुद्धा. मी त्यांच्या मागं लागून लागून होकार मिळवला होता आणि त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या पाहणीच्या आदल्या दिवशी मी फर्मान काढलं. झाडू मारायचा नाही. भांडी घासायची नाहीत. पोरांची शेंबडी नाकं पुसायची नाहीत. बायका माझ्याकडं बघत राहिल्या. त्या संध्याकाळी हौसाक्का पाठमोरी बसून हातानंच कचरा गोळा करत होती, तिला मी दोनदा उठवलं.

"दिसत न्हाई गं असलं," ती म्हणाली.

"तेच तर दिसायला पाहिजे."

मग मी आडोसा उतरवायला घेतला. मोनाली शाळेतून आली होती. दप्तर पाठीला तसंच ठेवून ती बांबूजवळ उभी राहिली.

"हे का काढतीस?"

"साहेबांना दाखवायचंय, बायकांना आंघोळीला जागा नाही म्हणून."

"उद्या मी कुठं करू मग?"

"एक दिवस राहू दे की. मरतीस काय?"

"नाही. बरंच झालं," ती म्हणाली आणि साडीची दुसरी बाजू सोडवू लागली.

मी मनात म्हटलं, आळशी झाली पोरगी. हल्ली तिला आंघोळीचा कंटाळाच होता. मी पाचला निघून जायची, त्यामुळं ती केव्हा उठते, काय करते, हे मला दिसायचं नाही. पण केस चिकट दिसायचे, मानेवर मळ दिसायचा. मी दोन-चारदा बोलले होते. एकदा धपाटाही घातला होता.

"साहेबांनी विचारलं तर तू सांगायचंस," मी तिला म्हटलं. "मुलीनं सांगितलं की माणसं ऐकतात. आंघोळीला जागा नाही, लाज वाटते, अभ्यास होत नाही, एवढं म्हण."

"रडू?"

"रडता आलं तर रड."

ती हसली नाही. मी हसले.

दुसऱ्या दिवशी अकराला भोसेकर साहेब आले. तोच कारकून, तेच पॅड. सुहास सर बरोबर होते. मामाही किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत दाराशी येऊन उभे राहिले. फुटपाथ अगदी माझ्या मनासारखा घाण होता. माशा होत्या. एक पोर नागडं बसून काहीतरी खात होतं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, तेव्हा मला बरं वाटलं. हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

"मागच्या वेळी इथं काहीतरी कापड लावलेलं होतं ना?" उघड्या बांबूंकडं बोट करून साहेबांनी विचारलं.

"ते टिकत नाही साहेब," मी म्हणाले. "मोने, सांग साहेबांना."

मोनाली पुढं आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. ती साहेबांकडं बघत नव्हती, पॅडकडं बघत होती.

"आंघोळीला जागा नाही," ती म्हणाली. "साड्या लावतो, पण वर उघडं असतं. भिंतीवरून एक माणूस बघतो. आत पाण्याची टाकी आहे, तिच्यावर चढतो. म्हणून मी रोज करत नाही. तीन-तीन दिवस करत नाही. वर्गात बाईंनी मला मागं बसवलंय. वास येतो म्हणाल्या."

कारकुनाचं पेन थांबलं. मीही तिच्याकडं बघतच राहिले. यातलं काही मी शिकवलं नव्हतं.

"कोण माणूस?" साहेबांनी विचारलं.

"अंधार असतो," मोनाली म्हणाली.

"बाजार आहे साहेब," मागून मामा म्हणाले. "कसली कसली माणसं येतात. आपण कुणाकुणाला अडवणार?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल खिशात घातला. त्यांनाही मुलगी असावी. मग त्यांनी कारकुनाला हळू आवाजात काहीतरी लिहायला सांगितलं. त्यातले 'महिला व मुलींची कुचंबणा' एवढे शब्द मला ऐकू आले. जाताना ते सरांना म्हणाले, "पंचनामा टाईप करून घेतो. उद्या सकाळी येतो सह्यांना. पंच तयार ठेवा."

सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. झालं होतं. अकरा महिन्यांत जे माझ्या तोंडानं झालं नाही, ते पोरीनं चार वाक्यांत केलं. साहेबांची जीप वळल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली.

"बरं सुचलं गं तुला. ते वास येतो म्हणालीस ना, तिथंच साहेब गार झाला."

"हं," मोनाली म्हणाली.

ती शाळेत गेली. मी दुपारभर बायकांना सांगत फिरले, माझ्या पोरीनं कसं रंगवून सांगितलं. बायका हसत होत्या. आडोसा परत लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मोनाली समोर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, मला सुचलं नव्हतं ते."

"काय?"

"भिंतीवरचा माणूस."

मी भाकरी तव्यावर टाकली. "म्हणजे?"

"खराच आहे."

"कोण?"

"मामा."

"कुठला मामा?"

"आपला. नळाचा."

भाकरीला पाणी लावायचं राहून गेलं आणि ती वरून तडकली. मला ती भाकरी आठवते. त्या क्षणी मला काय वाटलं ते आठवत नाही. लोक विचारतील, राग नाही आला? आला असेल. मला वाटतं, मला काहीच वाटलं नाही. अकरा महिने वाटून वाटून तिथली जागा बधिर झाली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"हात बीत लावला?"

"नाही. बघतो नुसता. एकदा मी ओरडणार होते तर म्हणाला, सांगितलंस तर नळ बंद. सगळ्यांचा."

"मला का नाही सांगितलंस?"

मोनालीनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"पाणी कुठनं आणलं असतंस?"

मी भाकरी उलटली. ती जळली होती. दुसरी थापायला घेतली.

"तोच उद्या सही करणार आहे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

"जेव आधी," मी म्हणाले.

ती जेवली. जेवून अंथरुणावर पडली आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं. मी हौसाक्काच्या मेणकापडात गेले. ती तंबाखू मळत होती. मी तिला सांगितलं, एका वाक्यात. तिचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"एकदा वर बघितलं तर टाकीवर डोस्कं. तवापासनं पोर न्हायला गेली की मी आडोशापाशी जाऊन बसती. माझ्याकडं बघून जायचा खाली. कवा कवा न्हाई जायचा."

"मला का बोलली नाहीस, आक्के?"

"मला वाटलं, तुला ठावं हाय." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "मला वाटलं तू बी माझ्यासारखीच गप हाईस. पाण्यापायी."

 फुटपाथवर पोरं आरडाओरडा करत खेळत होती. त्यांच्या आयांनी त्यांना दोन दिवसांनी धुऊन पुसून काढलं होतं.

"तेवीस घरं हाईत वैजू," शेवटी हौसाक्का म्हणाली. "उद्या सही हू दे. घरात जाऊ. मग बघू त्याच्याकडं."

"बघू," मी म्हणाले.

रात्री झोप लागली. हे मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं अशा रात्री झोप लागत नाही. मला लागली, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पोळ्या होत्या.

सकाळी मेसमधून मी लवकर सुटून आले. मोनाली तयार होऊन बसली होती.

"शाळेत जा," मी म्हणाले.

"पंचनामा?"

"त्यात तुझं काय काम? जा."

ती गेली. दहाच्या सुमाराला भोसेकर साहेबांचा कारकून आला. साहेब आले नव्हते. फळकुटावर कागद ठेवून त्यानं वाचून दाखवलं. अमुक अमुक तेवीस कुटुंबे अकरा महिन्यांपासून सदर ठिकाणी उघड्यावर वास्तव्यास असल्याचे आम्ही पंच समक्ष पाहत आहोत. पंक्चरवाल्यानं आधी सही केली. मग मामांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, सगळा वाचला. त्यांना घाई नव्हती. सुवाच्य अक्षरांत त्यांनी सही केली, खाली तारीख घातली.

पंचांना चहा द्यायची पद्धत आहे. ज्याचं काम, त्यानं द्यायचा. हौसाक्का त्या दिवशी अंग दुखतंय म्हणून पडून राहिली होती. मी चहा केला. कारकुनाला दिला, पंक्चरवाल्याला दिला. मग तिसरा पेला उचलून मामांच्या हातात दिला.

"घर मिळालं की मामाला विसरू नका," ते म्हणाले.

"नाही विसरणार," मी म्हणाले.

"पोरगी हुशार आहे तुमची. शिकवा."

मी मान हलवली. त्यांनी चहा प्यायला आणि पेला माझ्याकडं परत दिला. तो घेताना माझी नजर रस्त्याच्या पलीकडं गेली. तिथं मोनाली उभी होती. दप्तर पाठीला. शाळेत गेलीच नव्हती. मी बघितल्यावर ती वळली आणि शाळेच्या दिशेनं चालू लागली. मी हाक मारली नाही. हातात पेला होता.

अठ्ठावीस मार्चला हुकूम निघाला. तेवीसपैकी एकवीस घरं मंजूर झाली. दोघांच्या कागदात खोट निघाली, त्यांचं पुढच्या वर्षी झालं. गावाबाहेर, तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम. किल्ली मिळाली त्या दिवशी मोनाली बाथरूममध्ये गेली आणि तिनं आतून कडी लावली. पाणी पडल्याचा आवाज आला नाही. अर्ध्या तासानं मी दार वाजवलं.

"काय करतीस?"

"काही नाही. बसलीये," ती आतून म्हणाली.

'मग बघू' म्हणालो होतो, ते मग कधी आलं नाही. घर लावायचं होतं, रेशनकार्डाचा पत्ता बदलायचा होता, मोनालीची दहावी होती. घरभरणीला हौसाक्कानं सगळ्या यार्डाला पेढे वाटले. मामांना दिले नाहीत. एवढाच आमचा सूड. सुहास सरांना मी कधीच काही सांगितलं नाही. पुढं मामा वारले असं कळलं, तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि लाटत राहिले.

याला आता चौदा वर्षं झाली. मोनाली नर्स झाली, नाशिकला असते. मी संघटनेचं काम बघते. कुठं वस्ती पाडली की बायका विचारायला येतात आणि मी त्यांना सांगते. ते मला तोंडपाठ झालंय.

गेल्या दिवाळीत मोनाली घरी आली होती. पाडव्याच्या दिवशी एका वस्तीतल्या चौघी जणी आल्या. त्यांच्याकडं पाहणी होती. मी त्यांना सांगितलं, साफसफाई करू नका, लाज धरू नका, चहा देऊ नका. पंच दोन ठेवा, बाहेरचे ठेवा. मोनाली ओट्याशी भांडी धूत ऐकत होती. बायका गेल्या. तिनं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"त्या संध्याकाळी तुला सरांचा फोन आला होता. तू हौसाक्काकडनं परत आल्यावर."

मी पदर सारखा केला.

"मी जागी होते. तू म्हणालीस, 'नाही सर, उद्याच.' दोनदा म्हणालीस." तिचा आवाज अगदी साधा होता, पेशंटला औषध कधी घेतलं विचारावं तसा. "सर काय विचारत होते?"

हा फोन मी वर लिहिलेला नाही. तो मी कुणालाच सांगितलेला नाही. चौदा वर्षं मी स्वतःला तेवीस घरांचीच गोष्ट सांगत आले. पोरगी एकटी विरुद्ध तेवीस घरं, मग आईनं काय करायचं? ही गोष्ट मला झोपू द्यायची. त्यात फोन घातला की ती गोष्ट उभी राहत नाही.

मोनाली वाट बघत होती. मला खोटं सांगता आलं असतं. तिनं फोनची माझीच बाजू ऐकली होती.

"इस्माईलभाई सही करायला तयार झालाय, म्हणत होते," मी म्हणाले. "कोपऱ्यावरचा फुलवाला. तो लग्नाला गेला होता, रविवारी येणार होता. साहेबांना विचारून ठेवलंय, पंचनामा सोमवारी केला तरी चालेल, म्हणाले. चांगला माणूस आहे, त्याचीच सही घेऊ या का, असं विचारत होते."

"आणि तू उद्याच म्हणालीस."

"हो."

"मी सांगितल्यानंतर."

"हो."

"का?"

खरं कारण एवढंसं होतं. साहेबाचं मन फिरेल अशी भीती होती, तीही थोडी. पण खरं म्हणजे मी दमले होते. आणखी चार दिवस थांबायचं, आणखी चार पहाटे त्याच्या नळावर जायचं, त्याला मामा म्हणायचं, हे सगळं मला नको होतं. मला ते संपवायचं होतं.

"मी दमले होते," मी म्हणाले.

मोनालीनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटलंच होतं, असंच काहीतरी असेल." मग उठून तिनं उरलेली भांडी धुतली आणि पालथी घातली. जेवताना आम्ही तिच्या वॉर्डातल्या गोष्टी बोललो.

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची गाडी होती. परगावी निघताना ती नेहमी माझ्या पाया पडते, लहानपणापासूनची सवय. मी दारात उभी राहिले. तिनं बॅग खांद्याला लावली, खाली वाकली, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि जिना उतरून गेली.